पळसाचे पाहुणे

विद्येवांचून माणूस शोभत नाहीं, हें सांगण्यासाठीं आपल्या सुभाषितकारानें गंधहीन किंशुकाचा दाखला दिला आहे. किंशुक म्हणजे आपला पळस. ज्याच्या दंडावांचून बटूची मुंज पुरी होत नाहीं आणि ज्याच्या पानांच्या पत्रावळींवर आपल्या कित्येक पिढ्या जेवल्या, त्या झाडाच्या वांट्यास हें दूषण यावें, याचें लहानपणीं आम्हांस कधीं नवल वाटलें नाहीं. पाठ केलेलें वचन आणि डोळ्यांनीं पाहिलेलें झाड यांची गांठच पडली नव्हती. ती पडली दोन वर्षांपूर्वीं, फाल्गुनाच्या अखेरीस, सिंहगडाच्या पायथ्याशीं. बरोबर आमच्या सौ. होत्या आणि नवा कॅमेरा गळ्यांत अडकविलेला आमचा पुतण्या होता.

झाडावर पान उरलें नव्हतें. काळसर मखमली कळ्यांतून शेंदरी फुलें उमललीं होतीं. त्यांच्या बांकदार पाकळ्या पाहून, 'हा पोपट तर नव्हे?' असें विचारणारें किंशुक हें नांव किती नेमकें आहे, तें आम्हांस प्रथमच कळलें. ऊन वर येतांच गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पळसमैनांचा थवा कलकलाट करीत उतरला. या मैना मध्य आशियाकडे अंडीं घालतात. पावसाळा सरतांना आपल्या देशीं येतात आणि एप्रिलच्या सुमारास परत फिरतात. जाण्यापूर्वीं पळस, पांगारा आणि सांवर यांच्याकडे त्यांचा फराळ होतो. त्यांच्या मागून आला शिंजीर. बोटाएवढा पक्षी, पण उन्हांत त्याचा जांभळा-निळा रंग असा चकाकला कीं, पुतण्या कॅमेरा उचलावयाचेंच विसरला.

पक्षी चोंच खुपसून मकरंद पितो, तेव्हां फुलांतील पराग त्याच्या अंगास लागतो आणि दुसऱ्या फुलावर जातो. फुलांचा सुगंध हें मुख्यतः मधमाश्या, पतंग अशा कीटकांस निमंत्रण असतें. पक्षी फूल शोधतात तें डोळ्यांनीं. त्यांना भडक रंग आणि भरपूर मकरंद पुरतो. पक्षी व फुलें यांच्या या व्यवहारावर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं 1932 सालींच बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत विस्तृत लेख लिहिला होता. तेव्हां पळसाच्या गंधहीनतेंत उणीव नाहीं. आपले पाहुणे कोण, याची त्याला जाण आहे, असेंच म्हणावें लागेल.

परंतु आम्हांस ती जाण नव्हती, हें पुढच्याच महिन्यांत सिद्ध झालें. आमच्या परसांतील डाळिंबावर शिंजिराच्या मादीनें घरटें टांगलें. कोळ्याचीं जाळीं, सालीचे तुकडे आणि गवत यांची ती लोंबती पिशवी, आणि दारावर इवलीशी पडवी. पिलें झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, मध्यें या दोन डहाळ्या येतात. तेवढ्या काढल्या तर चित्र स्वच्छ येईल." आम्हीं फांदी धरली, त्यानें डहाळ्या छाटल्या. चित्र खरोखरच सुरेख आलें. सर्व आप्तांस तें पाठविलें आणि सर्वांची वाहवा मिळविली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं सौ.नीं हांक मारली, "लवकर या, भारद्वाज आला आहे!" शुभशकुन म्हणून आम्हीं हात जोडले. भारद्वाज उडून गेल्यावर पाहतों तों घरटें फाटलेलें, आंत कांहीं नाहीं. मादी तोंडांत किडा धरून या फांदीवरून त्या फांदीवर जात होती. भारद्वाजाचें तें भक्ष्यच आहे, त्याला बोल नाहीं. त्याच्या दृष्टीआड असलेलें घरटें उघडें पाडलें तें आम्हीं. तें चित्र पुतण्यानें पुन्हां कोणास दाखविलें नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं कांहीं नियम ठरविले आहेत, ते वाचकांच्या उपयोगी पडतील. पक्ष्यामागें धांवूं नये. फुललेलें झाड निवडून, सूर्य पाठीशीं घेऊन, वीस-पंचवीस पावलांवर स्वस्थ बसावें. घटकाभरांत पक्षी आपलेपणानें वागूं लागतात. शिंजीर क्षणभरही स्थिर नसतो, म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र टिपलें जाईल अशी कॅमेऱ्याची योजना करावी. जवळ केवळ मोबाईल असेल, तर पक्ष्याचा हव्यास सोडून कळी, फूल, शेंग आणि सबंध झाड यांचीं चित्रें घ्यावीं. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावूं नये. प्रतिस्पर्धी आला असें समजून तो खाणेंपिणें टाकून येतो. घरट्याजवळ तर जाऊंच नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही रानपक्ष्यांच्या घरट्यांस संरक्षण दिलेलें आहे. पण कायद्याच्या आधीं आपलें मन आहे. घरीं आल्यावर तिथी, वेळ, झाड आणि त्यावरील पाहुणे यांची टिपणवहींत नोंद करावी.

यंदा आम्ही पुन्हां त्याच पळसाखालीं गेलों होतों. तासभर बसून पुतण्यानें मोजकींच चित्रें घेतलीं. शिंजिराचें चित्र किंचित् अस्पष्ट आहे, पण त्याच्या चोंचीशीं चिकटलेला पराग त्यांत दिसतो. तेंच आम्हीं चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावलें आहे.

आपल्या घरीं मुंज निघाली असेल, तर दंड बाजारांतून आणण्यापूर्वीं बटूला एकदां फुललेला पळस दाखवावा, एवढीच वाचकांस विनंती.