लाकडी चाक भंगारात घालू नका!

शेतकरी बंधूंनो, आपल्या सातारा-सांगली भागात अजूनही कितीतरी परड्यांत जुन्या बैलगाडीचं चाक भिंतीला टेकून उभं दिसतं. भंगारवाला येतो, लोखंडी धाव काढून वजनावर नेतो आणि उरलेलं लाकूड चुलीत जातं. ते विकण्याआधी चाक एकदा नीट बघा.

चाकाची जोडणी

चाकाचे भाग चार : मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवतीचे पाटे आणि वरची धाव. मोठ्या गाडीच्या चाकाला बहुधा १२ आरे आणि ६ पाटे, म्हणजे एका पाट्याला दोन आरे. लाकूड बहुतेक बांधावरच्या बाभळीचं. बाभूळ जड आणि चिवट, धक्क्यानं सहसा फुटत नाही. पण ती सावलीत पुरती वाळलेली पाहिजे. ओलं लाकूड वापरलं तर पुढं ते आकसतं आणि आरे खुळखुळतात. सुतार वाकसानं तासतो, पटाशीनं भोकं पाडतो आणि आरे ठोकून बसवतो. ना खिळा, ना सरस.

पुढचं काम लोहाराचं. साडेचार फुटी चाकाचा घेर १४ फुटांच्या वर जातो. धाव मात्र त्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली, की ती सुमारे इंचभर वाढते. चिमट्यांनी उचलून ती चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. निवताना धाव आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसतात. धाव सैल राहिली तर चाक खिळखिळं होतं, फार आवळली तर आऱ्यांवर ताण येतो. हा अंदाज बघून आणि करूनच येतो.

काम का कमी झालं?

१९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर शिवारात आला आणि सुताराचं लाकडी नांगराचं काम हळूहळू घटलं. पुढं डांबरी सडका झाल्या, साखर कारखाने निघाले आणि ऊस वाहायला टायरची गाडी आली. पक्क्या रस्त्यावर ती बैलाला हलकी जाते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मागून ट्रॅक्टर आला. सुगीला मिळणारं बलुतंही बंद झालं. मग सुताराच्या पोरानं चाक शिकायचं कशासाठी?

आपण काय करावं?

लाकडी गाडी असेल तर ती उन्हापावसात उभी करू नका, आसाला वेळेवर वंगण द्या. उन्हाळ्यात सांधे सैल झाले तर चाक पाण्यात भिजवतात, लाकूड फुगून घट्ट बसतं. पण हा तात्पुरता इलाज. खरा इलाज म्हणजे धाव उतरवून, थोडी कापून, पुन्हा चढवून घेणं. जाणता कारागीर जवळपास असेल तर हे काम त्याच्याकडूनच करून घ्या आणि शिकणाऱ्या पोराला शेजारी बसवा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं कर्ज, पहिला हप्ता १ लाखाचा, अशी तरतूद त्यात केली आहे. आपल्या गावच्या कारागिराला ही माहिती जरूर सांगा.

एक ध्यानात ठेवा, चाकाला सुतार आणि लोहार दोघंही लागतात. त्यातला एकाचा हात थांबला, तरी दुसऱ्याचं काम अडतं.