डोक्यावरून ओळखावी फौज

ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की देसाईगंज, म्हणजे आपले वडसा. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस सुरू झाले की तिथल्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीतल्या गावोगावी निघतात. शेतात उतार ठेवून जमीन खणायची, वर शामियाना ठोकायचा आणि रात्रभर नाटक. ऐतिहासिक प्रयोग असला की मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा नीट दिसत नाही, पण डोक्यावरचा टोप दिसतो. जिरेटोप आला की शिवाजी महाराज, तुऱ्याची मोगली टोपी आली की शत्रू. संवाद सुरू होण्याआधीच पोराटोरांना बाजू कळलेली असते.

आज तीच पोरे मोबाइलवर आणि संगणकावर लढाईचे खेळ खेळतात, आणि खेळ घडवणाऱ्यांपुढेही अडचण तीच असते. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या खेळात रणांगण तिरकस वरून दिसते, म्हणजे सैनिकाचे डोके आणि खांदेच आधी नजरेत भरतात. ‘फॉर ऑनर’ या २०१७च्या खेळात युरोपी सरदार, व्हायकिंग आणि सामुराई असे तीन पक्ष समोरासमोर आणले आहेत. रंग काढून नुसती काळी छाया दाखवली तरी शिरस्त्राणावरून बराच उलगडा होतो. काल्पनिक राज्यांच्या खेळांत तर इतिहासातली शिरस्त्राणे सर्रास उसनी घेतली जातात. तोंड झाकणारा ग्रीक टोप गर्विष्ठ साम्राज्याला, शिंगांचा टोप रानटी टोळीला.

या शिंगांपाशी मला थांबावेसे वाटते. व्हायकिंग लढवय्ये शिंगांचे टोप घालून लढत, याला पुरावा नाही. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ साली सापडलेला त्या काळातला टोप साधा, गोल, डोळ्यांभोवती लोखंडी कडे असलेला आहे. डेन्मार्कमधले शिंगांचे वेक्सो टोप व्हायकिंगांच्या दीडेक हजार वर्षे आधीचे, कांस्ययुगातले. व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगे पक्की बसली ती मुख्यतः नाटकामुळे. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीतनाट्यांचा प्रयोग झाला, त्याची वेशभूषा कार्ल एमिल डोप्लर यांनी केली होती. त्यांनी काही पात्रांना शिंगे दिली आणि पुढे जगाने तीच खरी मानली. रंगमंचावरची ड्रेपरी इतिहासाची जागा कशी घेते, हे झाडीपट्टीच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

शिंगांनी माणूस खरोखर ओळखू यावा, ही योजना जपानात होती. सोळाव्या शतकातल्या यादवीत तिथले सेनापती मुद्दाम जगावेगळे टोप घडवून घेत. दाते मासामुनेच्या टोपावर चंद्रकोर, होंदा तादाकात्सूच्या टोपावर सांबरशिंगे. गर्दीत आपला धनी कुठे आहे, हे सैनिकाला दुरून कळे.

दख्खनमध्ये गोष्ट निराळी होती. नाकावर सरकती पट्टी, मानेवर कड्यांची जाळी, माथ्यावर तुऱ्याच्या नळ्या, असा टोप मोगल, राजपूत आणि दख्खनी सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सापडतो. लोखंड बाजू सांगत नव्हते. बाजू सांगायचे निशाण, आणि डोक्यावरचे कापड. शिंदेशाही पगडी आणि होळकरशाही पगडी समोर ठेवा, घराणे लगेच उमगते. महादजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांची चित्रे पाहताना नजर आधी पगडीवरच जाते. पानिपतच्या हकिकतींत सांगितले जाते की मराठ्यांच्या चाकरीत आलेल्या काही अफगाणांना ओळखीसाठी डोक्याला भगवी पट्टी दिली होती. १४ जानेवारी १७६१ रोजी ऐन लढाईत त्यांनी ती काढून टाकली आणि शत्रू आत शिरल्याच्या समजुतीने घबराट माजली. डोक्यावरची एक खूण नाहीशी झाली की फौजेचे काय होते, याचे याहून विदारक उदाहरण मला माहीत नाही. एखाद्या खेळात हा डाव का नसावा?

आता आपल्या भागाकडे येतो. गोंडवनावर कोणी खेळ काढला, तर गोंड सैनिकांच्या डोक्यावर डोळे झाकून शिंगे चढवली जातील, ही माझी खरी भीती आहे. गव्याच्या शिंगांचा, पिसांचा आणि चेहऱ्यावर कवड्यांच्या माळा सोडलेला शिरपेच इंद्रावतीपलीकडच्या बस्तरातल्या दंडामी माडियांचा, आणि तो नाचाचा, आनंदाचा. भामरागडच्या बड्या माडियांपासून हा समाज वेगळा. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८च्या आपल्या ग्रंथातच दोघांची स्वतंत्र नोंद केली आहे. नाचाचा पोशाख रणात नेऊन त्याला रानटीपणाची खूण करणे हा त्या लोकांवर अन्याय आहे.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची स्वतःची खूण दगडात कोरलेली आहे. हत्तीला नमवणारा सिंह, गजशार्दूल, चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर आजही दिसतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले. या दोन फौजांचा सामना खेळात मांडायचा, तर एकीकडे नागपुरी पगडी आणि दुसरीकडे टोपावर गजशार्दूल, एवढ्यावर पडदा भरून निघेल. गजशार्दूलाचा असा टोप कल्पनेतला असेल, पण त्याचे मूळ इथल्या मातीतले असेल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढून भारतीय चित्रपरंपरेवर खेळ उभा राहतो हे दाखवले. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या चित्रकला आणि संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: पहिला टोप काढण्याआधी वही घेऊन चंद्रपूरच्या परकोटाच्या जटपुरा दरवाजासमोर उभे राहा, आणि ज्या समाजाचा पोशाख घ्याल त्या समाजाच्या माणसांना आधी विचारा.