काचपट्टीचा प्रवास

शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेलच. तो मुळातच एका पेशीइतका पातळ असतो, म्हणून आपले काम सोपे होते. माणसाच्या शरीरातील ऊती अशा आयत्या सोलून मिळत नाहीत.

समजा, सातारा जिल्ह्यातील एका आजींना मिश्री लावायची सवय आहे आणि त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला आहे. कऱ्हाडच्या किंवा मिरजेच्या रुग्णालयात डॉक्टर त्यातला तांदळाएवढा तुकडा काढतात. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात आणि मायक्रोटोम या यंत्राने त्याचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! काप जवळजवळ रंगहीन असतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी.

आता पाहायचे एकच. वरच्या थरातील बिघडलेल्या पेशींनी खालचा पातळ पडदा ओलांडला आहे का? ओलांडला असेल तर तो कर्करोग. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते मुंबईच्या टाटा रुग्णालयात अभ्यासणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या काळी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे, तर काचपट्टीच त्याच्याकडे न्यावी लागे. वाटेत फुटली तर?

स्कॅनर ही अडचण दूर करतो. तो काचपट्टी भिंगाखाली सरकवत तिचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढतो आणि ते जोडतो. हिशेब करून पाहा. काप १५ मिलिमीटर लांब-रुंद आहे आणि दर मायक्रॉनला ४ चित्रबिंदू आहेत. म्हणजे एका बाजूला ६०,००० बिंदू आणि एकूण ३६० कोटी! प्रत्येकाला ३ बाइट धरले तर जवळजवळ ११ गिगाबाइट. साठवताना हा आकार पुष्कळ कमी करतात. पाहणाराही सगळे चित्र एकदम उघडत नाही. संगणकावरच्या नकाशाप्रमाणे हवा तेवढाच भाग मोठा करतो. मिरजेचा काप मुंबईतला तज्ज्ञ आणि सांगलीतला विद्यार्थी एकाच वेळी पाहू शकतात.

पण गंमत अशी, की कापाला घडी पडली असेल, तर एवढे महागडे यंत्र त्या घडीचाच सुबक फोटो काढते. शिवाय बहुधा एकाच पातळीवर फोटो घेतलेला असल्याने सूक्ष्मदर्शकासारखा स्क्रू फिरवून वर-खाली पाहता येत नाही. घडी नेमकी त्या पडद्यावरच आली, तर तंत्रज्ञाला पुन्हा मायक्रोटोमपाशी बसून नवा काप घ्यावा लागतो. म्हणूनच काप घेऊन झाल्यावरही आजींच्या नमुन्याचा मेणाचा ठोकळा टाकून देत नाहीत.