वळवाच्या वाऱ्यात पत्रे का उडतात?

एप्रिल-मे महिन्यात वळीव झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : वादळी वाऱ्याने घरांचे पत्रे उडाले. आता गंमत बघा. वारा तर आडवा वाहतो, मग पत्रा वर कसा जातो?

आधी हा वारा येतो कुठून ते पाहू. दुपारी तापलेली दमट हवा वर चढून गडगडाटी ढग तयार होतो. त्यातून पाऊस आणि गारा पडू लागल्या की त्या सोबतच्या हवेलाही खाली ओढतात. वाटेत काही थेंबांची वाफ होते, हवा गार आणि जड होते आणि जोरात खाली कोसळते. अंगणात भरलेली बादली एकदम उपडी केली की पाणी कसं चहूकडे पसरतं, तसंच ही हवा जमिनीवर आपटून पसरते. पावसाआधी येणारा गार झोत आणि धुळीचा लोट तो हाच. नेहमीचा वारा जमिनीलगत मंद आणि उंचावर जोरदार असतो. हा मात्र जमिनीजवळच जोरात असतो, त्यामुळे घर बुटकं आहे म्हणून सुटत नाही.

वारा छपराच्या कडेवर आदळला की तिथून उसळून वर जातो. त्याच्याखाली, पत्र्याच्या लगत, हवेचा दाब कमी होतो. म्हणजे पत्रा वरून ओढला जातो. ही ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ सर्वात जास्त. त्यातच वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं असेल तर घरात शिरलेली हवा पत्र्याला आतून ढकलते. वादळ दिसलं की आजी आधी दारं-खिडक्या लावायला सांगते, ते अगदी बरोबर आहे.

आता थोडं गणित. वाऱ्याचा दाब = 0.6 × वेगाचा वर्ग. (वेग मीटर प्रति सेकंदात, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये.) वेग दुप्पट तर दाब चौपट! ताशी 100 किलोमीटर म्हणजे सुमारे 28 मीटर प्रति सेकंद. दाब आला 470 न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ 48 किलो वजनाइतका. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग 39, तर मुंबई-नागपूरसाठी 44 मीटर प्रति सेकंद धरला आहे. म्हणजे आपलं उदाहरण तसं सौम्यच.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा म्हणजे सुमारे 2.8 चौरस मीटर. त्याचं वजन साधारण 13 किलो, आणि त्याला वर खेचणारं बल 130 किलोच्या आसपास. कडेच्या पत्र्यावर याहूनही जास्त. म्हणून कडेला हूक जवळजवळ हवेत, आणि पत्र्याखालचा अँगल भिंतीत पक्का बांधलेला हवा. नाहीतर अँगलसकट छप्पर जातं.

"सर, पत्र्यावर दगड ठेवले तर?" हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. दहा-दहा किलोचे दोन दगड ठेवा. एकूण वजन झालं 33 किलो, ओढ 130 ची. पत्रा उडणारच, आणि ते दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतील.