उसाच्या फडातला धूर

सांगलीची हवा पावसाळ्यात सर्वांत स्वच्छ असते. पाऊस धूळ धुऊन खाली आणतो. बिघडते ती दिवाळीनंतर. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार थर बसतो. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठचा धूर या थराखाली ऊन चढेपर्यंत कोंडून राहतो.

नेमका तेव्हाच गळीत हंगाम असतो. कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या आणि तोडणीनंतर पेटवलेलं पाचट, सगळं एकाच वेळी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे. पीएम १० कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पाचटाच्या धुरात याहूनही बारीक, थेट फुप्फुसात खोल उतरणारे कण असतात. तो धूर सर्वांत आधी फडाशेजारी कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या छातीत जातो, ही गोष्ट मला फार टोचते.

पाचट जाळण्यात शेतकऱ्याचंही नुकसानच आहे: सेंद्रिय पदार्थ आणि बहुतेक नत्र उडून जातं. तेच कुट्टी करून सरीत पसरलं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला ओल टिकते, तण कमी होतं.