देणारीचा हात

बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेस गेले की लाडघर, कर्दे आणि मग मुरुड लागते. हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि गावाने त्यांना वाळीत टाकले, हे आपण जाणताच. पण गोदूबाईंना शिकवले कुठे? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. १८८९ साली मुंबईत निघालेल्या त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच.

रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यावरून पुढे मोठा वाद पेटला, पुष्कळांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेलेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या नि निराधार मुलींना घेऊन आल्या. भुकेल्याला दिले ते मलाच दिले, असे ख्रिस्ताचे सांगणे. बाईंनी ते अक्षरशः घेतले.

पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे नुसते ताट वाढून भागत नसे. देणारीचा हात सदा वर नि घेणारीचा सदा खाली, असले दान काय कामाचे? मुली शेती करीत, माग चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले.