छेरी म्हणाली म्हणून

पहिलीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. बाईंनी भिंतीवर एक चित्र लावलंय आणि विचारतायत, हे काय आहे? खिडकीजवळची मुलगी हात वर करून ठसक्यात सांगते, "छेरी!" घरी तिच्या दोन छेऱ्या आहेत. त्यातली एक गाभण आहे, आणि कुठला पाला जास्त खाल्ला की तिचं पोट फुगतं हेही या मुलीला ठाऊक आहे. पुस्तकात मात्र चित्राखाली 'बकरी' छापलंय. बाई म्हणतात, "छेरी नाही, बकरी." सगळा वर्ग एका सुरात बकरी म्हणतो. मुलगी हात खाली घेते.

हा प्रसंग अमुक एका शाळेचा नाही. जिथं घरात छत्तीसगढी आणि पुस्तकात हिंदी आहे, तिथं तो रोज घडू शकतो. अहिवाऱ्यातही. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव. शेजारी नंदिनीच्या खाणी. 1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोखंड गाळायला जी चुनखडी लागते, ती कारखान्याला या खाणींनी पुरवली. कारखान्याबरोबर देशभरातून माणसं आली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबंही आली. तशी आपली माणसं इकडे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेतच, आणि 1956 पर्यंत दुर्ग जिल्हा व नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे अहिवाऱ्याच्या शाळेबद्दल मराठीत लिहिताना मला ते परक्या मुलखाबद्दल लिहिल्यासारखं वाटत नाही.

गंमत म्हणजे ती मुलगी आपल्याला फार जवळची आहे. छेरी आणि आपली शेळी हे दोन्ही शब्द एकाच जुन्या संस्कृत शब्दाची लेकरं. आपल्याकडे 'छ'चा 'श' झाला. आपण तर शेरडूही म्हणतो. बकरीचं मूळ वेगळं. त्या मुलीनं दिलेलं उत्तर जुनी परंपरा सांगणारं होतं, पण वर्गात ते चूक ठरलं.

शाळेत समान संधी म्हटलं की आपल्याला पटावरची नावं आठवतात. किती मुली, किती अनुसूचित जातींची मुलं, किती आदिवासी, किती अपंग. ती मोजणी हवीच. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला त्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला, खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या, मुलगे-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची केली. बहुतेक मुलं आज शाळेच्या दारातून आत येतात. त्या दारापासून फळ्यापर्यंतच्या दहा पावलांत काय होतं, त्याबद्दल मला लिहायचंय.

ही दहा पावलं किती लांब असू शकतात हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. भीमराव आंबेडकरांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. म्हणजे प्रवेश मिळाला होता. पण त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि शाळा सुटली की ते परत घरी आणावं लागे, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हजेरीपटाच्या नजरेतून पाहिलं तर त्या शाळेत एक अस्पृश्य मुलगा शिकत होता आणि सगळं ठीक चाललं होतं.

शाहू महाराजांना हा फरक कळला होता. 1917 साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. याची आठवण आपण नेहमी काढतो. दोन वर्षांनी त्यांनी जे केलं ते माझ्या मते अधिक अवघड होतं. 1919 साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या बरोबर बसवण्याचा हुकूम काढला. पहिला हुकूम मुलाला शाळेत आणणारा, दुसरा त्याची जागा ठरवणारा. दुसऱ्याशिवाय पहिला अर्धाच राहिला असता.

अहिवारा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. या टापूत सतनामी समाज मोठा. गावोगाव पांढऱ्या निशाणाचा त्यांचा जैतखाम, म्हणजे विजयस्तंभ, उभा दिसतो. अठराव्या शतकात जन्मलेल्या, सतनामींच्या गुरू घासीदासांनी इथल्या माणसांना शिकवलं की सगळी माणसं एकसारखी. म्हणजे समतेचा विचार इथल्या मुलांना बाहेरून आणून द्यायचा नाही, तो त्यांच्या गल्लीत उभा आहे. शाळेनं तो ताटापर्यंत आणावा एवढंच. सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. त्यामागं भूक होती. पण एप्रिल 2004 मध्ये त्याच न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी फारशी कुणाला आठवत नाही: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना प्राधान्य द्यावं. भात कुणाच्या हातचा, हा प्रश्न आपल्या देशात भाताइतकाच मोठा आहे हे न्यायालयाला ठाऊक होतं. सतनामी बाईनं वाढलेला भात सगळी पंगत एकत्र बसून खाते, तेव्हा नागरिकशास्त्राचा तो धडा पुस्तकाशिवाय पुरा होतो. एखादं मूल घरून डबा आणायला लागलं, की शिक्षकानं का ते विचारायला हवं.

माझ्या लहानपणच्या शाळेत शनिवारी वर्ग झाडायची पाळी मुलींची असे आणि घंटा वाजवायचा मान मुलांचा. कुणी तसा नियम केला नव्हता. घंटा उंच टांगलेली होती, मुलींचा हात पोचत नाही असं सांगत. माझाही पोचत नव्हता, मी स्टुलावर चढून वाजवायचो. मुलींना स्टूल का दिलं नाही, हा प्रश्न मला पडायला पस्तीस वर्षं लागली. आज शाळांच्या भिंतींवर मुली शिकवा अशी घोषणा रंगवलेली असते, आणि त्याच भिंतीखाली पाण्याची घागर भरायला मुलीच उठतात. पाळ्या हजेरीपटाच्या क्रमानं लावल्या तर खर्च शून्य येतो.

आता परत त्या छेरीकडे. छत्तीसगढीला 2007 साली राजभाषेचा दर्जा मिळाला. 2020 साली राज्य सरकारनं प्राथमिक शाळांत छत्तीसगढी, गोंडी, हल्बी अशा भाषा आणायचं जाहीर केलं. (हल्बीला तर जुन्या भाषापाहणीत मराठीच्याच घरात बसवलं होतं.) शिक्षणहक्क कायदाही म्हणतो की शक्य तिथं माध्यम मुलाच्या मातृभाषेचं असावं. पण घोषणेपासून सकाळी अकराच्या तासापर्यंतचं अंतर बाईच कापू शकतात. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. हिंदीच्या पुस्तकात त्याच्या जवळचा शब्द सापडेल तो पाताल, म्हणजे पाताळ! विदर्भातलं पोर भेदरं म्हणतं आणि पुण्यात छापलेल्या पुस्तकात टोमॅटो असतो. दोन्ही पोरांना एकच गोष्ट शिकायला मिळते, की आपल्या आईचा शब्द इथं चालत नाही. त्यानंतर ती बोलतात कमी. मग त्यांच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात सहभाग घेत नाही' असा शेरा येतो आणि पुढची पाच वर्षं तो शेरा त्यांची वाट पाहत बसतो.

उपाय साधा आहे. बाईंनी फळ्यावर छेरी लिहावं, शेजारी बकरी लिहावं, आणि दोन्ही त्या मुलीकडूनच वाचून घ्यावं. हिंदी तिला यायलाच हवी, उद्या इंग्रजीही. माहीत असलेल्या शब्दावर पाय ठेवून ती नव्या शब्दावर चढेल. भिलाईतून आलेल्या एखाद्या मराठी घरातलं पोर त्याच वर्गात असेल, तर फळ्यावर शेळीही येऊ द्यावी.

सगळ्यांना सारखं वागवलं म्हणजे सारखी संधी मिळाली, असं पुष्कळ चांगल्या शिक्षकांनाही प्रामाणिकपणे वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते मत 1945 नंतर बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी काम करताना मोडीत काढलं. शाळा काढली, सर्वांना खुली ठेवली, तरी मुलं येईनात. का येत नाहीत ते त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिलं. मुलगे गुरं राखायला जात होते. मग शिक्षकच साहित्य घेऊन कुरणावर गेला, गुरं चरत असताना शिकवू लागला. त्या शाळेला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. मुली येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहिणीनं बाळाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. शिकायचं असून वाट बंद असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गैरहजर मुलाचं नाव लाल शाईनं लिहिण्याऐवजी या दोघींनी शाळेची वेळ, जागा आणि रचना बदलली. आपल्याकडे या विषयावर याहून मोठं काम झालेलं मला दिसत नाही.

अहिवाऱ्यातल्या शाळेला कुरण नको असेल. तिथला अडसर दुसरा असेल. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. पण बैठक भर दुपारी ठेवली, तर मजुरीला जाणारी आई रोजी बुडवून येणार कशी? ती आली नाही की कागदावर सही तेवढी तिची, बोलणं दुकानदाराचं. बैठक संध्याकाळी घेतली की चित्र बदलतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी उतरता रस्ता बांधला, पण त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर वर्ग खाली आणता येतो. त्याला मंजुरी लागत नाही.

आणि शिक्षकाला स्वतःला तपासायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. आठवडाभर हजेरीच्या वहीत, आज मी कुणाला प्रश्न विचारला, त्याच्या नावापुढे ठिपका द्यायचा. शनिवारी वही उघडायची. ठिपके बहुतेक पहिल्या दोन रांगांत, चांगले कपडे घातलेल्या, चटकन उत्तर देणाऱ्या दहा-बारा नावांपुढे साचलेले दिसतात. ज्यांच्यापुढे एकही ठिपका नाही अशी नावंही दिसतात, आणि ती कोणत्या वस्तीतली आहेत हे वाचायला वेळ लागत नाही.

1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ताबाई नावाच्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत ती जेमतेम तीन वर्षं शिकली होती. तिच्या भाषेला चूक म्हणून कुणी तिचा हात खाली घ्यायला लावला असता, तर तो निबंध लिहिलाच गेला नसता. अहिवाऱ्यातली ती खिडकीजवळची मुलगी अजून पहिलीत आहे. उद्या सकाळी बाई पुढचं चित्र लावतील, बहुधा पतालचं.